पँथर्सची दहा वर्षं

सप्टेंबर २०१७. हुबळीच्या राजनगर मैदानावर बेळगावी पँथर्सनं विजापूर बुल्सला हरवलं आणि कर्नाटक प्रीमियर लीगचा करंडक पहिल्यांदा बेळगावच्या नावावर लागला. नवरात्राचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी पहाटे दुर्गामाता दौड होऊन गेल्यावर आम्ही चारजण कॅम्पातल्या नेहमीच्या टपरीवर चहाला थांबलो. मी उत्साहानं म्हणालो, "काल आपली टीम जिंकली की गा!"

"कुठली आपली?"

"बेळगावची. केपीएलची फायनल."

चहावाल्यानं ग्लास विसळता विसळता विचारलं, "आपल्यातलं कोण हाय त्यात?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. रात्री शेवटच्या षटकापर्यंत टीव्हीसमोरून हललो नव्हतो, धावफलक तोंडपाठ होता, पण 'आपल्यातलं कोण' या प्रश्नाशी मी अडलो. चहा संपला, विषय बदलला, माणसं कामाला गेली. माझ्या डोक्यातून तो प्रश्न मात्र गेला नाही. पुढे दोन वर्षांनी तो संघच उरला नाही, तेव्हा मी कात्रणं जमवायला बसलो. पुढची प्रकरणं त्या कात्रणांतून आणि त्या एका प्रश्नातून झाली आहेत. ज्यांनी पँथर्सचं नावही ऐकलं नसेल त्यांना आत शिरायला वाट असावी, म्हणून ही जरा लांबलेली प्रस्तावना.

आधी संघाचं आयुष्य थोडक्यात सांगतो. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली आणि वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये पैसा आहे हे देशाला कळलं. कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेनं दुसऱ्याच वर्षी, २००९ मध्ये, राज्यापुरती तशीच स्पर्धा काढली. आठ संघ होते. बंगळूरचे शहर आणि ग्रामीण असे दोन, बाकीचे म्हैसूर, मंगळूर, दावणगेरे, मलनाड, विजापूर आणि बेळगाव. गावं जाहीर झाली, उद्योजकांनी ती विकत घेतली, मग खेळाडू वाटले गेले. २०१० मध्ये दुसरा हंगाम झाला. त्या वर्षाअखेर अनिल कुंबळे संघटनेचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या काळात ही स्पर्धा बंद राहिली. २०११, २०१२, २०१३ ही तीन वर्षं पँथर्स नावाचा संघ फक्त कागदावर होता. २०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हा जुन्या आठांपैकी बेळगाव, विजापूर आणि मंगळूर ही नावं तशीच परत आली. हुबळी टायगर्स, बळ्ळारी टस्कर्स, म्हैसूर वॉरियर्स हे नवे आले. कन्नड चित्रपटातल्या कलाकारांचा रॉकस्टार्स नावाचा एक संघही त्यात होता आणि नट सुदीप त्याचं नेतृत्व करायचे. तेव्हापासून सलग सहा हंगाम झाले. २०१७ चा आमचा, २०१५ आणि २०१८ चे विजापूरचे, २०१९ चा हुबळीचा. म्हणजे शेवटच्या पाच हंगामांतले निदान चार किताब उत्तर कर्नाटकात आले. ही गोष्ट इकडे फारशी कुणी मोजली नाही. मी मुद्दाम मोजून ठेवतो, कारण बंगळूरच्या क्रिकेटमध्ये आमच्या धारवाड विभागाच्या पोरांना जागा मिळवायला काय करावं लागतं हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. रात्रीच्या गाडीनं जायचं, सकाळी निवड चाचणीत बारा चेंडू खेळायचे आणि रात्रीच्याच गाडीनं परत यायचं.

दहा वर्षांत आठ हंगाम, एवढंच पँथर्सचं आयुष्य. त्यावर पुस्तक कशाला, असं मला घरातूनच विचारण्यात आलं. त्याचं उत्तर द्यायला मला कॅम्पापासून सुरुवात करावी लागेल.

आमचा कॅम्प म्हणजे ब्रिटिशांची छावणी. १८१८ मध्ये त्यांनी बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे त्याच्या शेजारी लष्कराची वस्ती वसवली. रुंद रस्ते, मोठमोठी झाडं, कौलारू बंगले, चर्च, मिलिटरी महादेवाचं देऊळ, फिश मार्केट, आणि जिकडे तिकडे मैदानं. गावात पोरं गल्लीत खेळतात. कॅम्पातल्या पोराला मैदान उंबऱ्यापासून चार पावलांवर असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथलंच. सकाळी बिगुल वाजला की जवानांच्या तुकड्या धावताना दिसायच्या आणि आम्ही पोरं त्यांच्या मागून धावायचो. सेंट पॉल्स ही १८५६ पासूनची शाळा, तिच्या मैदानावरचा फुटबॉल आणि फादर एडी स्मृती स्पर्धा हा कॅम्पाचा जणू सणच. आणि युनियन जिमखाना. त्या मैदानाच्या कठड्यावर बसून मी जेवढं क्रिकेट पाहिलं तेवढं टीव्हीवरही पाहिलं नसेल. एका घरात कोकणी, शेजारी उर्दू, पलीकडे तमीळ, समोर मराठी, पोस्टात कन्नड, शाळेत इंग्रजी. मैदानावर या सगळ्यांची मिळून एकच भाषा व्हायची. "टाक की", "पळ गा", "औट हाय, औट हाय!"

हॉकीचा तर इथं खरा मान. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतानं पाकिस्तानला १–० असं हरवून सुवर्ण जिंकलं. गोलात उभे होते शंकर लक्ष्मण, मराठा लाइट इन्फंट्रीचे. त्याच संघात बेळगावचे बंडू पाटील होते. आमच्या वडिलांच्या पिढीला 'आपल्यातलं कोण' असं कुणी विचारलं असतं, तर ही दोन नावं त्यांनी श्वास न घेता सांगितली असती. शंकर लक्ष्मण जन्मानं महूचे, मध्य प्रदेशातले. पण पलटणीचे म्हणून ते आमचे झाले. जन्माचा दाखला कुणी मागितला नाही. पँथर्सचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा या गोष्टीपाशी येतो. माणूस बाहेरचा असला तरी गावाला चालतो. तो गावात दिसला पाहिजे, मैदानावर घाम गाळताना, बाजारात मासळी घेताना. मग त्याला आपला म्हणायला गावाला दोन दिवसही लागत नाहीत.

पँथर्स दिसले नाहीत. केपीएलचे सामने मुख्यतः बंगळूर, म्हैसूर आणि हुबळीला व्हायचे. यात कुणाचा दुजाभाव शोधण्याआधी पंचांग पाहावं लागतं. देशातला क्रिकेटचा मोसम सुरू होण्याआधीची मोकळी जागा म्हणजे ऑगस्ट आणि सप्टेंबर. राज्यातले नावाजलेले खेळाडू तेव्हाच सापडतात, टीव्हीवरची वेळही तेव्हाच मिळते. आणि ऑगस्टमध्ये बेळगावात काय असतं हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. श्रावणातला तो पाऊस, आठ आठ दिवस न दिसणारा सूर्य, भिंतींना आलेली ओल, चिखलात रुतलेली मैदानं. आमचं क्रिकेट दिवाळीनंतर सुरू होतं आणि पाऊस जवळ आला की संपतं. टेनिस बॉलच्या स्पर्धांचे मांडव सरदार्सच्या मैदानावर पडतात ते हिवाळ्या-उन्हाळ्यात. म्हणजे बेळगावचं नाव घेऊन संघ खेळायचा तो नेमका बेळगाव खेळत नसताना. ऑटोनगरला राज्य संघटनेचं चांगलं टर्फ विकेटचं मैदान झालं, तरीही ही अडचण सुटणारी नव्हती.

त्याच ऑटोनगरच्या मैदानावर जून २०१९ मध्ये भारत 'अ' आणि श्रीलंका 'अ' यांचा एकदिवसीय सामना झाला. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडनं नाबाद १८७ धावा केल्या. त्याआधी चार दिवसांच्या सामन्यात अभिमन्यू ईश्वरननं द्विशतक काढलं होतं. ऋतुराज तेव्हा फारसा कुणाला माहीत नव्हता, आज तो चेन्नईचा आणि भारताचा खेळाडू आहे. ती खेळी पाहिलेली माणसं आजही ऑटोनगरवरून जाताना बोट दाखवून सांगतात, तो षटकार तिकडे गेला होता. एका दिवसात ऋतुराज इथल्या माणसांच्या बोलण्यात कायमचा बसला. पँथर्सला आठ हंगामांत ते जमलं नाही. दोष खेळाडूंचा नव्हता. त्यांना इथं खेळायलाच मिळालं नाही.

इथं मला कोल्हापूरची आठवण येते, आणि निपाणीकडच्या वाचकांनाही ती येईल, कारण त्यांचा पाय बेळगावपेक्षा कोल्हापूरकडे जास्त वळतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा मोसम सुरू झाला की पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब यांच्या सामन्यांना निपाणीहून मोटरसायकली निघतात. हे संघ तालमींचे आहेत, पेठांचे आहेत. पेठेतल्या दुकानदाराची वर्गणी, पेठेतल्या पोराचं खेळणं, पेठेतल्या म्हाताऱ्याचे शिव्याशाप. हरले तर गल्लीत चूल पेटत नाही असं म्हणण्याची पद्धत आहे. आता तिथंही बाहेरचे खेळाडू येतात, मानधन घेतात, नायजेरियाचे आणि घानाचे तरुणही पेठेच्या जर्सीत खेळून गेले आहेत. तालीम मात्र जागची हललेली नाही. एखाद्या वर्षी संघ वाईट खेळतो, एखाद्या वर्षी भांडणं होतात, बंदी येते, पुढच्या मोसमाला पुन्हा तीच जर्सी मैदानात. कारण तालीम विकता येत नाही. तिचा मालक कोण, हा प्रश्न विचारला तर पेठेतली माणसं तुमच्या तोंडाकडे बघत राहतील.

फ्रँचायझीला मालक असतो. फ्रँचायझी या शब्दाला मराठीत अजून सोयीचा शब्द सापडलेला नाही, आणि मला वाटतं त्याचं कारण असं की ही वस्तूच आपल्याकडे नव्हती. गावाचं नाव वापरण्याचा परवाना, असा तिचा साधा अर्थ. परवान्याची मुदत असते, फी असते, अटी असतात. अटी मोडल्या किंवा पैसे थकले की परवाना जातो आणि त्याबरोबर संघही जातो. पुणेकरांनी हे दोनदा भोगलं. पुणे वॉरियर्स २०११ मध्ये आले. सौरव गांगुली, युवराज सिंग अशी नावं होती, गहुंज्याला नवं स्टेडियम झालं. तीन हंगामांत संघ तळाशी किंवा तळाच्या आसपासच राहिला. ख्रिस गेलनं बंगळूरला नाबाद १७५ धावा फटकावल्या त्या याच संघाविरुद्ध, एप्रिल २०१३ मध्ये. त्याच वर्षी बँक हमीच्या वादात परवाना गेला. मग २०१६ मध्ये रायझिंग पुणे सुपरजायंट्स आले, मुळात दोनच वर्षांसाठी, कारण चेन्नई आणि राजस्थानवर सट्टेबाजीच्या प्रकरणानं बंदी आली होती आणि त्यांची जागा भरायची होती. २०१७ च्या मे महिन्यात ते अंतिम सामना मुंबईकडून एका धावेनं हरले, आणि संपले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आम्ही जिंकलो. एका धावेची ती हळहळ आमच्याही घरात होती. बेळगावच्या मराठी घरात मुंबई आणि पुण्याचा सामना असला की भावाभावांत वाद होतात, तेव्हा टीव्हीसमोर कुणीच नीट बोलत नाही.

हॉकीतही असंच झालं होतं. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली, तेव्हा मराठा वॉरियर्स नावाचा संघ होता. पलटणीच्या गावात त्या नावाचा केवढा आनंद व्हायला हवा होता! पण पहिल्या वर्षीचे सगळे सामने हैदराबादला झाले. चार हंगाम खेळून २००८ मध्ये लीगच बंद पडली. मराठा हे नाव घेऊन तो संघ आला आणि मराठी मुलखाला त्याची सावलीही न पडता गेला.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये व्यावसायिक बेसबॉल लीग सुरू झाली. बेसबॉल हा तिथं पाहुणा खेळ, क्रिकेट आणि फुटबॉलच्या मधल्या फटीत बसवलेला. ब्रिस्बेनच्या दक्षिणेला गोल्ड कोस्ट नावाचं समुद्रकाठचं शहर आहे. तिथल्या संघाचं नाव आधी क्लिपर्स होतं, मग दायक्यो या जपानी कंपनीचं नाव लावून डॉल्फिन्स झालं, मग कूगर्स. मालक आणि पुरस्कर्ते बदलत गेले तशी नावं बदलली. १९९१–९२ चा किताब त्यांनी डॉल्फिन्स या नावानं जिंकला. १९९८–९९ चा शेवटचा किताबही याच गावानं जिंकला, कूगर्स या नावानं, आणि त्याच वर्षी लीग आर्थिक अडचणीत येऊन संपली. अमेरिकेत मिलवॉकीकडून खेळलेल्या डेव्ह निल्सन या ऑस्ट्रेलियन खेळाडूनं तिचे हक्क विकत घेऊन ती नव्या रूपात चालवून पाहिली, तीही फार टिकली नाही. २०१० मध्ये पुन्हा नवी लीग आली. हे सगळं वाचताना मला आमचं विजेतेपद आठवत होतं. करंडक हातात असतानाही संघाच्या पायाखालची जमीन त्याची स्वतःची नसते. खेळाडू चांगले खेळले म्हणून संघ टिकतो, हे आपण मैदानावर बसून धरून चाललेलं असतो. गोल्ड कोस्टला ते खरं ठरलं नाही, बेळगावला तर नाहीच.

नावाचा विषय निघालाच आहे, तर तोही सांगतो. संघ सुरू झाला तेव्हा तो बेळगाव पँथर्स होता. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटक सरकारनं शहराचं अधिकृत नाव बेळगावी केलं आणि संघही बेळगावी पँथर्स झाला. हा विषय आमच्याकडे जखमेचा आहे. १ नोव्हेंबर हाच दिवस १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेचा होता. तोवर मुंबई राज्यात असलेलं बेळगाव त्या दिवशी म्हैसूर राज्यात गेलं. दरवर्षी त्या तारखेला इथली अर्धी माणसं राज्योत्सव करतात आणि अर्धी काळा दिवस पाळतात. क्रिकेटमध्येही त्याचे पडसाद होते. १९७३–७४ च्या रणजी उपांत्य सामन्यात कर्नाटकानं मुंबईला बाद केलं, मुंबईची सलग पंधरा वर्षांची मक्तेदारी मोडली आणि पुढे पहिल्यांदा करंडक जिंकला. त्या दिवसांत बेळगावच्या एखाद्या मराठी घरात रेडिओभोवती बसलेल्या माणसांनी कुणासाठी श्वास रोखला असेल? आमच्या आजोबांना विचारलं तर ते हसून म्हणायचे, वाडेकर धावबाद झाला तेव्हा वाईट वाटलं आणि प्रसन्नानं बळी घेतला तेव्हा बरं वाटलं. दोन्ही खरं असणार. मी या पुस्तकात एक नियम केला आहे. शहराला बेळगाव म्हणतो, कारण माझ्या तोंडात तेच आहे. संघाला त्यानं जे नाव घेतलं ते देतो, २०१४ पर्यंत बेळगाव, नंतर बेळगावी. जर्सीवर जे लिहिलं होतं ते खोडण्याचा हक्क मला नाही.

खेळाडूंबद्दल. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर आहे, पण एक गोष्ट इथंच सांगितली पाहिजे. या लीगमध्ये खेळणारा प्रत्येकजण कर्नाटकातलाच असे. परदेशी खेळाडू नव्हते. वर भारताकडून किंवा रणजीत खेळलेली मोजकी नावं, आणि खाली क्लब क्रिकेटमधली, तालुक्याच्या गावांतून आलेली, नोकरीच्या शोधात असलेली पोरं. त्यांच्यासाठी ती दोन-तीन आठवड्यांची स्पर्धा म्हणजे वर्षाचं उत्पन्न होतं, आणि टीव्हीवर दिसण्याची एकमेव संधी होती. आयपीएल संघांचे निरीक्षक पाहत असतात असं प्रत्येकाला वाटायचं आणि ते काही अंशी खरंही होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारीच्या कृष्णप्पा गौतमनं शिवमोग्याविरुद्ध ५६ चेंडूंत नाबाद १३४ धावा केल्या, त्यात तेरा षटकार, आणि मग त्याच सामन्यात १५ धावांत ८ बळी घेतले. या स्पर्धेला अधिकृत टी-ट्वेंटीचा दर्जा नसल्यामुळे जागतिक विक्रमांच्या यादीत ते आकडे बसले नाहीत. तरी ते घडलं, हजारो लोकांनी पाहिलं. अधिकृत यादीत नाही म्हणून जे विसरलं जातं, तसलं बरंच काही या पानांत आहे.

त्या ऑगस्टनंतर महिनाभरात सगळं कोसळलं. सप्टेंबर २०१९ मध्ये बंगळूरच्या गुन्हे शाखेनं पँथर्सच्या मालकाला सट्टेबाजीच्या आरोपावरून अटक केली. राज्य संघटनेनं संघाला निलंबित केलं. मग एकेक धागा निघत गेला. दुसऱ्या संघाचा गोलंदाजी प्रशिक्षक, खेळाडू, राज्याकडून खेळलेले क्रिकेटपटू, आणि डिसेंबरात पँथर्सचा प्रशिक्षक. मुद्दाम संथ खेळण्यासाठी पैसे दिले गेले, हा आरोप अंतिम सामन्यापर्यंत पोचला. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं काही आरोपींविरुद्धचं आरोपपत्र रद्द केलं. न्यायालयाचं म्हणणं असं की सामना ठरवून खेळणं हे भारतीय दंड संहितेच्या ४२० कलमातल्या फसवणुकीत बसत नाही. तो बेशिस्तीचा, खोटेपणाचा भाग असेल, पण त्यावर कारवाई क्रिकेट मंडळानं करायची आहे.

हा निकाल मी तीन-चार वेळा वाचला. कायद्याच्या दृष्टीनं तो बरोबर असेल, मला त्यातलं कळत नाही. प्रेक्षक म्हणून मला एवढं कळतं की तिकीट काढून किंवा झोप मोडून सामना पाहणाऱ्या माणसाचं काय गेलं याचा हिशेब कुठल्याच कलमात मांडलेला नाही. आपल्या देशात सामनानिश्चितीसाठी वेगळा कायदा नाही. तो असायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. या प्रकरणातल्या आरोपींची नावं मी पुढेही दिलेली नाहीत. ज्यांच्यावरचं आरोपपत्रच उरलं नाही त्यांची नावं छापून मी न्यायनिवाडा करणार नाही. आणि दुसरं, त्या नावांच्या गदारोळात बाकीच्यांची नावं पुसली गेली. पँथर्सच्या ताफ्यातल्या ज्या पोरांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता, त्यांनाही पुढे कित्येक दिवस लोक डोळे बारीक करून विचारायचे, "तू पण त्यातलाच काय रे?" या पुस्तकात जागा त्यांची आहे.

एक तक्रार मात्र नोंदवून ठेवतो. मी जुने धावफलक आणि संघाच्या याद्या शोधायला निघालो तेव्हा ज्या ज्या दारात गेलो तिथं मला हेच ऐकावं लागलं की ते सगळं आता कुणाकडे नाही. एका कार्यालयात तर सांगण्यात आलं, बंद पडलेल्या संघाचे कागद ठेवून काय करायचं? शेवटी मला उपयोगी पडली ती वर्तमानपत्रं. 'तरुण भारत'ची बेळगाव आवृत्ती, कोल्हापूरहून येणारी दैनिकं, कन्नड आणि इंग्रजी पेपर. एका शेजाऱ्यांनी खेळाच्या पानांचे गठ्ठे रद्दीत न घालता माळ्यावर ठेवले होते, केवळ त्यांच्या नातवाचा फोटो त्यातल्या एकात कधीतरी आला होता म्हणून. वाळवी लागलेल्या त्या गठ्ठ्यांवर पुस्तकाची तीन प्रकरणं उभी आहेत. तालमीत करंडक काचेच्या कपाटात असतात, जुने फोटो भिंतीवर असतात, कुणी विचारलं तर तिथला म्हातारा तारखेसकट सांगतो. पँथर्सचा २०१७ चा करंडक आज कुठं आहे, हे मला बेळगावात कुणी सांगू शकलं नाही.

२०२२ मध्ये राज्य संघटनेनं नवी स्पर्धा सुरू केली. श्रीकंठदत्त नरसिंहराज वडियार यांच्या नावानं ती महाराजा करंडक म्हणून ओळखली जाते. सहा संघ घेतले गेले. बंगळूर, म्हैसूर, मंगळूर, शिवमोगा, हुबळी आणि गुलबर्गा. बेळगाव नाही. विजापूरही नाही. २०१७ चा विजेता आणि २०१८ चा विजेता, दोघांची गावं नव्या नकाशातून गळाली. पहिल्याच वर्षी गुलबर्गा जिंकलं, दुसऱ्या वर्षी हुबळी. त्या बातम्या वाचताना मला आनंद झाला, कारण उत्तर कर्नाटक जिंकत होतं, आणि पोटात काहीतरी तुटलंही. बेळगावातून बंगळूरला रात्रीच्या गाडीनं जाणारी पोरं थांबलेली नाहीत. बेळगावात जन्मलेला रोनित मोरे कर्नाटकाकडून खेळला, आयपीएलच्या संघांत पोचला. त्याच्यामागून येणारे आहेत. त्यांना निवड झालीच तर आता दुसऱ्या गावाच्या नावाची जर्सी घालावी लागते. ती ते घालतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

आता चहावाल्याच्या प्रश्नाकडे येतो. 'आपल्यातलं कोण हाय त्यात?' याचं उत्तर मी नंतर शोधलं. हंगाम उघडून, याद्या जुळवून, गावं तपासून. काही हंगामांत या भागातली पोरं होती, काहीत अगदी एखाद-दुसरं, आणि संघाबरोबर जाऊनही एकही सामना न खेळता परत आलेली होती ती वेगळी. बाराव्या खेळाडूचं नाव धावफलकात येत नाही. त्यांच्यापैकी तिघांशी मी बोललो. तिघांनीही नाव छापू नका असं सांगितलं, म्हणून छापलेलं नाही. एकजण आता खाजगी कंपनीत नोकरीला आहे आणि रविवारी जिमखान्यावर मुलांना शिकवतो. त्याच्या किटबॅगेला अजून पँथर्सचं बोधचिन्ह शिवलेलं आहे. उसवत चाललंय, पण काढलेलं नाही. मी त्याला विचारलं, त्या संघानं तुला काय दिलं? तो बराच वेळ पोरांच्या नेटकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दोन जर्स्या, काका. एक धाकट्या भावाला दिली. एक आईनं ठेवलीय ट्रंकेत."

नंतर एका सकाळी मी टपरीवर गेलो आणि चहावाल्याला त्याचं नाव सांगितलं. "अरे, तो? आपल्या हाय स्ट्रीटमागचा?" असं म्हणून त्यानं ग्लास बाजूला ठेवला. "मग तेव्हा सांगायचं नव्हतं काय? बघितली असती की मॅच."